टाइप वन मधुमेहात वजन का वाढते आणि पुढे काय घडते

टाइप वन मधुमेह म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर हाडे दिसणारे, गळून गेलेले मूल उभे राहते. एके काळी हे चित्र खरेच होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा त्याचे वजन सुमारे ३० किलो होते. त्याआधीच्या काळात या आजारावर जवळजवळ उपासमार करणारा आहार हा एकच उपाय होता, आणि त्याने मृत्यू काही काळ पुढे ढकलला जाई इतकेच. इन्सुलिन आले आणि ही मुले जगू लागली, वाढू लागली, संसाराला लागली, म्हातारी होऊ लागली. मात्र मधल्या काळात चित्र किती पालटले, हे वैद्यकाबाहेरच्या लोकांपर्यंत फारसे पोहोचले नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे टाइप वनच्या रुग्णांच्या एका गटाचा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे १८ वर्षे मागोवा घेण्यात आला. सुरुवातीला त्यांच्यात स्थूल म्हणता येतील असे लोक शंभरात तीन-चार होते, शेवटी ते २३च्या घरात गेले. जास्त वजनाच्या गटात मोडणारे लोकही २९ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले.

हे आकडे पाहून पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते, ती म्हणजे ‘खाण्यावर ताबा नाही’. टाइप वन असलेल्या व्यक्तीने आणि तिच्या घरच्यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा बोचरेपणाही बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या आजारातली वजनवाढ बऱ्याच अंशी उपचाराच्या गणितातूनच येते, आणि ते गणित समजून घेतले तर काय करावे हेही समजते, असे मला वाटते. ही वजनवाढ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून तर हा विषय अवघड होतो.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींनाच परके समजून नष्ट करते. इन्सुलिन नसले की अन्नातून आलेली साखर पेशींत शिरत नाही, रक्तात साठत जाते, आणि तिचे प्रमाण दर डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. एक ग्रॅम साखर म्हणजे चार कॅलरी. दिवसाला ८० ग्रॅम साखर अशी वाहून गेली तर ३२० कॅलरी, म्हणजे जवळजवळ एक वेळचे हलके जेवण शरीराला न लागता निघून गेले. त्यातच इन्सुलिनअभावी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असते. म्हणूनच निदानाच्या वेळी मूल भरपूर जेवत असूनही दिवसागणिक वाळत जाते. इन्सुलिन सुरू झाले की ही गळती थांबते, आणि दोन-तीन महिन्यांत मूल पुन्हा अंग धरते. गेलेले वजन भरून येणे ही वाढ हवीहवीशीच असते, तिच्याकडे काळजीने पाहण्याचे कारण नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. भूक गळतीच्या दिवसांची राहिलेली असते आणि गळती मात्र बंद झालेली असते. तितकेच खाल्ले तरी आता त्यातला प्रत्येक घास शरीरात राहतो.

दुसरे कारण इन्सुलिन कोणत्या वाटेने येते यात आहे. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून सुटलेले इन्सुलिन आधी यकृतात जाते, तिथे त्यातले निम्म्याच्या आसपास वापरले जाते, आणि उरलेले इतर शरीराला मिळते. इंजेक्शनने किंवा पंपाने दिलेले इन्सुलिन मात्र त्वचेखालच्या चरबीतून थेट सगळीकडे पसरणाऱ्या रक्तात मिसळते. यकृताला पुरेसे मिळावे म्हणून बाकीच्या शरीराला, विशेषतः स्नायूंना आणि चरबीला, गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन द्यावे लागते. इन्सुलिनचे एक मूळ काम चरबी साठवणे आणि साठवलेली चरबी मोडू न देणे हे आहे. शिवाय बीटा पेशी इन्सुलिनबरोबर अ‍ॅमिलिन नावाचे आणखी एक संप्रेरकही सोडत असतात, जे पोट सावकाश रिकामे करते आणि पोट भरल्याची जाणीव देते. बीटा पेशी गेल्या की तेही जाते, आणि आपल्या रोजच्या इंजेक्शनात ते नसते.

तिसरे कारण घराघरांत रात्री घडते. समजा, रात्री दोन वाजता शुगर मोजणाऱ्या, अंगाला लावलेल्या सेन्सरचा अलार्म वाजतो किंवा मूल घामाघूम होऊन उठते. ग्लुकोमीटरवर आकडा येतो ५८. पुस्तकात लिहिलेले असते की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. पण समोर थरथरणारे आपले लेकरू असताना ती १५ मिनिटे सरता सरत नाहीत. साखरेच्या पाण्यापाठोपाठ कपभर गोड दूध जाते, मग चार बिस्किटे, मग ‘पुन्हा लो नको जायला’ म्हणून अर्धी पोळी. साठ कॅलरींत भागले असते तिथे तीनशेच्या वर जातात. सकाळी शुगर २६० येते, ती उतरवायला जादा इन्सुलिन द्यावे लागते, आणि त्या जादा डोसाने दुपारी पुन्हा शुगर खाली येते. आठवड्यातून तीन रात्री असे झाले तर कागदावरच्या हिशोबाने वर्षाला चार-पाच किलो होतात. शरीर इतका सरळ हिशोब करत नाही, हे खरे, पण दिशा तीच असते. या आईला ‘मुलाला खायला घालू नका’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. रात्रीचे बेसल इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेला पायाभूत डोस, जास्त होत आहे का, संध्याकाळच्या खेळानंतर डोस कमी करायला हवा होता का, हे तिच्याबरोबर बसून पाहणे हा खरा उपचार आहे.

आता या सगळ्याचा पुरावा ज्या अभ्यासातून पुढे आला त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण टाइप वनच्या आजच्या उपचारांचा पायाच त्याने घातला. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये डीसीसीटी नावाची चाचणी झाली. १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला त्या काळातले नेहमीचे उपचार, म्हणजे दिवसाला एक-दोन इंजेक्शने मिळाली. दुसऱ्या गटाला दिवसाला तीन किंवा अधिक इंजेक्शने किंवा पंप, वारंवार तपासणी आणि शुगर शक्य तितकी सर्वसामान्य ठेवण्याचे उद्दिष्ट, असे काटेकोर उपचार देण्यात आले. पहिल्या गटाचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी शुगर दाखवणारी टक्केवारी) नऊच्या आसपास राहिले, दुसऱ्याचे सातच्या आसपास. सुरुवातीला ज्यांचे डोळे निकोप होते त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटला, मज्जातंतूंच्या विकाराचा धोका ६० टक्क्यांनी घटला, आणि मूत्रपिंडांचेही मोठे संरक्षण झाले. त्याच रुग्णांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतल्यावर २००५ मध्ये असेही दिसले की काटेकोर उपचार घेतलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी होते. शुगर नीट ठेवण्याला पर्याय नाही, हे त्या दिवसापासून सिद्ध आहे.

या यशाची किंमतही त्याच अहवालात नोंदलेली होती. काटेकोर उपचारांच्या गटात शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, आणि पाच वर्षांनंतर त्या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ किलोंनी जास्त वाढले होते. सरासरी म्हणजे सगळ्यांचे सारखे वाढले असे नव्हे. काहींचे फारसे वाढलेच नाही, काहींचे खूपच वाढले. सर्वांत जास्त वजन वाढलेल्या एक चतुर्थांश लोकांकडे संशोधकांनी वेगळे लक्ष दिले, तेव्हा त्यांचा कंबरेचा घेर, रक्तदाब, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, हे सगळेच वाढलेले आढळले. पुढच्या तपासण्यांत त्यांच्या मानेतील रक्तवाहिन्यांची भिंत जाड झालेली आणि हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम अधिक साठलेले दिसले. पहिली तेरा-चौदा वर्षे हृदयविकाराच्या घटनांमध्ये फारसा फरक नव्हता. त्यानंतर मात्र या लोकांचा आलेख वर चढू लागला आणि नेहमीचे, म्हणजे ढिले उपचार घेतलेल्या गटाच्या जवळ जाऊन पोहोचला. शुगर काटेकोर ठेवून हृदयाला जे संरक्षण मिळाले होते, ते वजनाने हळूहळू खाऊन टाकले. चौदा वर्षे हा काळही ध्यानात घ्यावा. पंचविशीत वाढलेल्या वजनाचा हिशोब चाळिशीत मागितला जातो, आणि मधल्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही.

असे का होते, तर अतिरिक्त चरबी, विशेषतः पोटातली आणि यकृतातली, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. टाइप टू मधुमेहाचा हा मूळ दोष टाइप वनच्या रुग्णातही येऊन बसतो. १९९१ मध्ये या अवस्थेसाठी ‘दुहेरी मधुमेह’ असा शब्द वापरला गेला. यात एक दुष्टचक्र तयार होते. चरबी वाढली की तेवढ्याच पोळीला इन्सुलिनचे जास्त युनिट लागतात, जास्त युनिटांनी चरबी आणखी वाढते. वाढ पूर्ण झालेल्या माणसाची दिवसाची इन्सुलिनची एकूण गरज दर किलो वजनामागे एक युनिटाच्या पलीकडे जाऊ लागली, मानेच्या मागे किंवा काखेत काळपट मखमलीसारखी त्वचा दिसू लागली, घरात टाइप टूचा इतिहास असेल, तर हा प्रकार असण्याची शक्यता डॉक्टरांशी बोलावी. वयात येणाऱ्या मुलामुलींत मात्र संप्रेरकांमुळे काही वर्षे इन्सुलिन जास्त लागतेच, त्याला हा नियम लावू नये.

हृदयाखालोखाल मूत्रपिंडांचा विचार करावा लागतो. जास्त वजनाच्या शरीरासाठी मूत्रपिंडांच्या गाळण्यांना जास्त दाबाखाली काम करावे लागते, आणि जास्त शुगरमुळे तो दाब आधीच वाढलेला असतो. वजन आणि मूत्रपिंडांचा आजार एकत्र दिसतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण आहे असे लगेच म्हणता येत नाही, ही शंका रास्त होती. पण फिनलंडसह काही देशांतील टाइप वनच्या रुग्णांचा जनुकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जन्मतःच जास्त वजनाकडे कल देणारी जनुके ज्यांच्यात होती त्यांच्यात मूत्रपिंडांचा आजारही अधिक आढळला. जनुके आजारानंतर बदलत नाहीत, म्हणून इथे वजन हे केवळ सोबती नसून कारणांपैकी एक आहे, असे मानायला बळ मिळते. डोळ्यांच्या बाबतीत पुरावा इतका सरळ नाही, तिथे शुगर आणि रक्तदाब यांचाच हात मोठा आहे. यकृतात चरबी साठणे, झोपेत श्वास अडकणे, गुडघे धरणे हे त्रास टाइप वनमध्येही इतरांसारखेच होतात.

आपल्याकडच्या वाचकांनी इथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य लोकांवरचे आहेत आणि त्यांच्या मापाने २५च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) म्हणजे जास्त वजन, ३०च्या वर म्हणजे स्थूलपणा. भारतीयांसाठी या रेषा २३ आणि २५ अशा खाली आणलेल्या आहेत. याचे कारण पुण्यातल्या एका संशोधकाने फार सुंदर रीतीने दाखवले होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय अगदी एकच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक हातपाय आणि आत दडलेली चरबी ही आपली ठेवण टाइप वन झाल्याने बदलत नाही. म्हणून वजनकाट्याबरोबर शिवणकामाची साधी टेप घेऊन कंबरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या आपल्यासाठीच्या मर्यादा आहेत.

मग करायचे काय? सुरुवात डोसापासून करावी, ताटापासून नव्हे. शुगर वारंवार खाली जात असेल तर ते थांबवल्याशिवाय वजन कमी होत नाही, कारण प्रत्येक ‘लो’ माणसाला खायला भाग पाडते. बेसल डोस योग्य आहे का, जेवणाआधीचे इन्सुलिन कर्बोदके मोजून घेतले जाते की अंदाजाने, एकाच जागी टोचून टोचून पोटावर गाठी तर झाल्या नाहीत ना, हे तपासावे. गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी मुकाट पडून राहते तर कधी एकदम उतरते, त्यामुळे शुगर वरखाली होत राहते आणि डोस विनाकारण वाढवला जातो. वजन अचानक वाढू लागले तर थायरॉइड तपासून घ्यावे, कारण टाइप वनबरोबर थायरॉइडचा आजार बऱ्याचदा येतो.

ताटाच्या बाबतीत एक गैरसमज मोठा आहे. ‘इन्सुलिन घेतो, म्हणजे काहीही खाल्ले तरी चालते’ हे शुगरच्या आकड्यापुरते काही अंशी खरे असेल, पण कॅलरी इन्सुलिनने नाहीशा होत नाहीत. कर्बोदके मोजायला शिकलेला माणूस पोळी अचूक मोजतो आणि तिच्यावरचे तूप, भाजीवरचा तेलाचा तवंग, मूठभर शेव मोजत नाही, कारण त्यांनी शुगर लगेच वाढत नाही. एका लहान चमचा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत तर स्टार्च, दाण्याचे कूट आणि तूप सगळेच एका वाटीत येते. याउलट भाकरीबरोबर उसळ, वरण, ताक, कोशिंबीर असे आपले साधे जेवण पोट भरते आणि मोजायलाही सोपे असते. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र कडक डाएटवर ठेवू नये. व्यायाम हवाच, पण त्याआधी डोस आणि खाणे यांचे नियोजन हवे, नाहीतर फिरायला जाऊन शंभर कॅलरी खर्च होतात आणि ‘लो’ भरून काढायला दोनशे खाव्या लागतात.

औषधांविषयी हल्ली सर्वांत जास्त विचारले जाते. टाइप टूमध्ये नेहमी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीची टाइप वनमधील एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत वजन साधारण किलोभराने कमी राहिले, एलडीएलही घटले, पण एचबीए१सीमधला फायदा टिकला नाही. मूत्रपिंडांतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनला २०१९ मध्ये युरोपात टाइप वनच्या जास्त वजनाच्या प्रौढांसाठी परवानगी मिळाली होती. या गटातल्या औषधांनी शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (चरबी जळून तयार होणारी कीटोन नावाची आम्ले रक्तात साठण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो, आणि २०२१ मध्ये तो वापर मागे घेण्यात आला. भूक कमी करणाऱ्या लिराग्लुटाइड या इंजेक्शनने वजन आणि इन्सुलिनचा डोस दोन्ही घटले, परंतु कीटोनसह शुगर वाढण्याचे प्रसंग वाढले. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्याची इंजेक्शने २०२५ मध्ये वजन कमी करण्यासाठी भारतात आली, पण ती टाइप वनच्या उपचारासाठी मंजूर झालेली नाहीत. अनुभवी तज्ज्ञ काही निवडक रुग्णांत ती इन्सुलिनच्या जोडीला वापरतात, कीटोन तपासायला शिकवून वापरतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून टाइप वनच्या माणसाने ती स्वतःहून सुरू करणे जिवावर बेतू शकते.

एक धोका मात्र औषधांच्या चर्चेत झाकला जातो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला कधीतरी आपोआप कळते की डोस चुकवला की वजन उतरते. कारण वर सांगितलेली गळती पुन्हा सुरू होते. लग्नकार्यात कुणी ‘सुई लागल्यापासून बरीच सुटलीस गं’ असे सहज म्हणून जाते, आणि ती जेवणाआधीचे युनिट निम्मे करू लागते. मुलग्यांमध्येही हे घडते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, वजन ताब्यात आले. प्रत्यक्षात एचबीए१सी दहा-अकरावर गेलेले असते, आणि डोळे, मज्जातंतू व मूत्रपिंडे यांचे नुकसान वजनवाढीने जितक्या वर्षांत झाले असते त्याच्या कितीतरी आधी होते. म्हणून टाइप वनमध्ये वजन आपोआप कमी होऊ लागले तर कौतुक करण्याआधी एचबीए१सी पाहावे, आणि ते ठीक असेल तर ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराचीही तपासणी करावी, कारण तोही टाइप वनच्या सोबतीने येतो. मुलगी डोस चुकवते असे लक्षात आले तर रागावण्याने ती अधिक लपवते. तिला मधुमेहतज्ज्ञाबरोबरच मानसोपचाराची मदत लागते. तोपर्यंत बेसल इन्सुलिन एकही दिवस चुकणार नाही एवढे घरच्यांनी तिच्याशी ठरवून घ्यावे, घरात कीटोन तपासण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, आणि उलट्या, पोटदुखी, खोल धापा टाकल्यासारखा श्वास किंवा तोंडाला फळासारखा वास यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता तिला रुग्णालयात न्यावे.